काल टाइप केलेलं आज सापडंना: ज्येष्ठांना वर्ड शिकवताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

"सर, काल दोन पानं लिहिली होती. आज उघडलं तर कोरंच आहे की. कुठं गेलं काय की!"

अंबाजोगाईत आम्ही दुपारच्या वेळी वाचनालयात ज्येष्ठांना वर्ड शिकवतो, तिथं कुणाच्या ना कुणाच्या तोंडी हे वाक्य असतंच. कधी निवृत्त गुरुजी असतात, कधी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले काका, कधी भजनाची वही कॉम्प्युटरवर उतरवायला बसलेल्या आजी. लातूर-परभणीकडं हेच काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांशी बोललो तरी पहिली तक्रार हीच निघते. फाँट कसा बदलायचा, तक्ता कसा काढायचा, पानाला क्रमांक कसा द्यायचा, हे प्रश्न त्याच्या कितीतरी मागं.

ही तक्रार हलकी घेऊ नका. आमच्याकडं येणारी माणसं गंमत म्हणून टायपिंग शिकत नाहीत. कुणी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लिहून काढतंय. कुणी निजामाच्या राजवटीत घरच्यांनी रातोरात गाव कसं सोडलं, हे आईकडून ऐकलेलं उतरवतंय. कुणी पीकविम्याचा अर्ज करतंय, कुणी सप्त्याची पत्रिका. आठवणींचं पान एकदा गेलं की दुसऱ्यांदा ते तसं उतरत नाही. शिवाय असं झालेला माणूस पुढच्या वर्गाला येईल याचा भरवसा नसतो. "आता या वयात आमच्याच्यानं होत नाही," म्हणून घरी बसतो. मजकूर सापडवून देणं म्हणजे त्या माणसाला वर्गात टिकवणं, असं मी धरून चालतो.

बहुतेक वेळा मजकूर कॉम्प्युटरमध्येच असतो. फक्त तो कुठं बघायचा हे कळावं लागतं आणि त्याआधी घाईत काही करायचं नसतं.

आधी हात थांबवा

मजकूर दिसेनासा झाला की माणूस घाबरून कळा दाबतो, खिडकी बंद करतो, कॉम्प्युटर बंद करून चालू करतो. यातलं काहीच करू नका. काही टाइप करू नका, फुलीवर क्लिक करू नका. शिकवणाऱ्याला बोलवा किंवा शांतपणे पुढचं वाचा.

मग तीन गोष्टी विचारून घ्या. लिहिता लिहिता डोळ्यांदेखत गेलं, की बंद करून पुन्हा उघडल्यावर दिसंना? मध्ये लाईट गेली होती का? फाइल स्वतः नवी उघडली होती, की कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली होती? या उत्तरांवर पुढची दिशा ठरते. विचारताना आवाजात चौकशीचा सूर आणू नका. "तुम्ही काय दाबलं?" असं विचारलं की "काहीच नाही" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "शेवटचं वाक्य कोणतं लिहीत होता, गुरुजी?" असं विचारावं. ते वाक्य हाती आलं की कोणती कळ चुकली हे पुष्कळदा त्याच्यातच सापडतं. कसं, ते आता सांगतो.

डोळ्यांदेखत गेलं असेल तर: शिफ्टऐवजी कंट्रोल

हे कारण मराठी टायपिंगचं आहे. इंग्रजीतून लिहिलेल्या मदतीच्या पानांवर ते मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्रजी लिहिताना शिफ्ट क्वचित लागते. मराठीत, त्यातही इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर, ती पावलोपावली लागते. अ, आ, इ, ई, उ असे सुटे स्वर शिफ्ट धरून, ख, घ, थ, ध, फ, भ शिफ्ट धरून, ण, ळ, श सुद्धा शिफ्ट धरूनच. आणि बहुतेक कळफलकांवर डावीकडच्या शिफ्टच्या बरोबर खाली कंट्रोल असते. डावी करंगळी अर्धं बोट खाली घसरली की शिफ्टच्या जागी कंट्रोल दाबली जाते. मग अक्षर उमटत नाही, वर्डला हुकूम जातो.

काही घसरणी नेहमीच्या आहेत:

ळ लिहिताना शिफ्ट + एन हवं, त्याऐवजी कंट्रोल + एन होतं आणि नवी कोरी फाइल उघडते. ज्येष्ठांना वाटतं, सगळं पुसलं. प्रत्यक्षात आधीची फाइल जशीच्या तशी मागं उभी असते. मराठीत ळ किती वेळा येतो ते बघा, म्हणजे ही तक्रार किती वेळा येत असेल ते कळेल.

ओ लिहिताना शिफ्ट + ए हवं, त्याऐवजी कंट्रोल + ए होतं आणि अख्खा मजकूर निवडला जातो. पुढचं अक्षर दाबताच सगळं जाऊन तेवढं एक अक्षर उरतं. 'ओळ' लिहायला गेलेल्या माणसाच्या पानावर एकटा ळ उरलेला मी पाहिला आहे. शेवटचं वाक्य विचारा म्हणालो ते यासाठी.

ऐ लिहिताना शिफ्ट + डब्ल्यू हवं, त्याऐवजी कंट्रोल + डब्ल्यू होतं आणि फाइल बंद व्हायला निघते. 'ऐकलं', 'ऐन' अशा शब्दांपाशी हे घडतं.

आ लिहिताना कंट्रोल + ई झालं तर परिच्छेद मधोमध सरकतो, ई लिहिताना कंट्रोल + आर झालं तर उजवीकडं जातो, श लिहिताना कंट्रोल + एम झालं तर आत सरकतो. ध लिहिताना फाइल उघडण्याचा पडदा येतो, झ लिहिताना छपाईचा, फ लिहिताना शोधा-बदलाची चौकट. यांत नुकसान काही होत नाही, पण पडदा अचानक बदलल्यामुळं माणूस भेदरतो आणि पुढची कळ चुकीची दाबतो.

उच्चाराप्रमाणं लिहिण्याच्या बऱ्याच पद्धतींतही ण आणि ळ साठी मोठं एन आणि मोठं एल लागतं, म्हणजे तिथंही शिफ्ट आलीच आणि तीच घसरणही आली.

दुरुस्ती अशी करा. पान कोरं दिसलं की आधी खिडकीच्या वरच्या पट्टीवरचं नाव वाचा. तिथं 'डॉक्युमेंट २', 'डॉक्युमेंट ३' असं काही असेल तर नवी फाइल उघडली आहे. ती फुलीवर क्लिक करून बंद करा, मागची दिसेल. नाही दिसली तर ऑल्ट धरून टॅब दाबा, उघड्या खिडक्या एकेक करून समोर येतील.

नाव जुनंच आहे आणि मजकूर मात्र नाही, असं असेल तर कंट्रोल + झेड. एकदा दाबा, बघा, पुन्हा दाबा. मजकूर परत येईपर्यंत दाबत राहा. जास्त मागं गेलात तर कंट्रोल + वायनं पुढं येता येतं. मध्ये चुकून सेव्ह झालं असलं तरी घाबरू नका. वर्डमध्ये सेव्ह केल्यावरही कंट्रोल + झेड चालतं, फाइल बंद होईपर्यंत. म्हणूनच आधी म्हटलं, बंद करू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून चार गोष्टी करून ठेवा.

पहिली आणि सगळ्यात उपयोगी: वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथं जा. वरच्याच भागात 'टायपिंग रिप्लेसेस सिलेक्टेड टेक्स्ट' असं लिहिलेलं दिसेल, त्याची टिक काढा. आता अख्खा मजकूर निवडला गेला आणि एखादी कळ लागली तरी मजकूर पुसला जात नाही, नवं अक्षर फक्त त्यात भरलं जातं. निवडलेलं खरंच काढायचं असेल तर डिलीट दाबायचं. ज्येष्ठ बसतात त्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ही टिक काढलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. तरुणांना त्याचा थोडा जाच होईल, तो त्यांनी सोसावा.

दुसरी: शिफ्टच्या दोन्ही कळांवर लाल टिकली चिकटवा. आमच्या वर्गात ही आजींनीच पर्समधून काढून लावली आणि ती अजून टिकून आहे. बोटाला खडबडीत लागते, न बघता कळ ओळखता येते.

तिसरी: हात थरथरत असेल तर विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय चालू करा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ती चालू करायची का असं विचारलं जातं. मग दोन कळा एकत्र धराव्या लागत नाहीत. शिफ्ट बघून दाबायची, सोडायची, मग अक्षर दाबायचं. एकच अक्षर कककक असं लांबत असेल तर फिल्टर कीज नावाची सोय आहे, ती सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात मिळेल.

चौथी लॅपटॉपवाल्यांसाठी. टाइप करताना तळहात टचपॅडला घासतो, कर्सर भलत्याच ओळीत उडी मारतो किंवा मधला मजकूर निवडला जातो. माउस जोडा आणि सेटिंग्जमध्ये टचपॅड विभागात जाऊन माउस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील असं करून ठेवा.

बंद करताना आलेला प्रश्न

आता दुसरी बाजू. लिहिलं, फुली दाबली, वर्डनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, माणसानं 'नको बाबा, काही बिघडायला नको' म्हणून 'डोन्ट सेव्ह' दाबलं. दुसऱ्या दिवशी पान नाही.

यात त्या माणसाचा दोष मला दिसत नाही. आयुष्यभर वहीत किंवा टाइपरायटरवर लिहिलेल्यांना लिहिणं म्हणजेच ठेवणं असतं. कागदावर अक्षर उमटलं की ते तिथंच राहतं, कुणी विचारत नाही की ठेवू का. कॉम्प्युटरवर लिहिणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. हे पहिल्याच दिवशी तोंडानं स्पष्ट सांगितलं पाहिजे. बहुतेक वर्गांत ते सांगायचं राहतं, कारण शिकवणाऱ्याला ते इतकं सवयीचं असतं की सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही.

त्या प्रश्नाखाली तीन बटणं असतात. आम्ही ती अशी शिकवतो: 'सेव्ह' म्हणजे आत्ता पडद्यावर आहे ते ठेव. 'डोन्ट सेव्ह' म्हणजे मागच्या वेळी सेव्ह केल्यापासून जे केलं ते सोडून दे. 'कॅन्सल' म्हणजे थांब, अजून काही करू नको. कळलं नाही तर कॅन्सल दाबायचं आणि विचारायचं. तीच एक कळ निर्धोक आहे. नुसतं "नेहमी सेव्ह दाबा" असं शिकवू नका. आधी सांगितल्याप्रमाणं मजकूर पुसला गेला असेल आणि त्यावर कुणी सेव्ह करून बंद केलं, तर चांगल्या पानाच्या जागी एकटा ळ कायमचा जाऊन बसतो. अशा वेळी कंट्रोल + झेडनं काम भागलं नाही तर 'डोन्ट सेव्ह' हेच बरोबर असतं. फाइल पुन्हा उघडली की मागचं सेव्ह केलेलं रूप मिळतं.

न ठेवता बंद झालं असेल तर: वर्ड उघडा, फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, तिथं 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स'. यादी उघडेल, तारीख-वेळ बघून एकेक फाइल उघडा. सापडली की लगेच एफ १२ दाबून नाव देऊन ठेवा, कारण ही तात्पुरती प्रत काही दिवसच राहते. मूळ सेटिंगमध्ये वर्ड दर १० मिनिटांनी अशी प्रत काढतो, त्यामुळं पाच-सात मिनिटांत लिहून बंद केलेलं त्यात मिळण्याची आशा धरू नका.

'श्री' नावाच्या फाइली

सेव्ह तर केलं, पण सापडंना. याचं सर्वांत मोठं कारण नाव.

पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड स्वतःच एक नाव सुचवतो आणि ते पहिल्या ओळीतून घेतो. आपल्याकडं पहिली ओळ काय असते? आठवणी असोत, पत्रिका असो की किराणा सामानाची यादी, वर 'श्री' असतं. अर्ज असेल तर 'प्रति'. ज्येष्ठ मंडळी सुचवलेलं नाव तसंच ठेवून सेव्ह दाबतात. महिनाभरात फोल्डर 'श्री', 'प्रति' अशा फाइलींनी भरतो आणि कोणत्या 'श्री'मध्ये भूकंप आहे आणि कोणत्यात नातीचा बायोडाटा, हे उघडल्याशिवाय कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे 'श्री' आधीच असताना दुसरी 'श्री' ठेवायला गेलात की वर्ड विचारतो, जुनीच्या जागी ही ठेवू का? प्रश्न इंग्रजीत असतो. तसं करू दिलं की जुनी गेली. घरातल्या 'हो' म्हणायच्या सवयीनं गेलेली किती पानं असतील!

आमच्या वर्गात आता नियम आहे. कोरी फाइल उघडली की एकही अक्षर लिहिण्याआधी एफ १२ दाबायचं आणि नाव द्यायचं. नाव असं की सहा महिन्यांनी वाचलं तरी आत काय आहे ते कळावं: 'किल्लारी आठवणी भाग २', 'तहसील अर्ज पाणंद रस्ता जुलै २०२५'. 'श्री' पानावर खुशाल लिहा, नावात नको.

इथं महसूल, पंचायत समिती, शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्यांची एक खास अडचण येते. त्यांना फाइलचं नाव जावक क्रमांकासारखं द्यायची सवय असते, 'जा.क्र./१२/२०२५' असं, किंवा तारीख '१४/७/२०२५' अशी. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. विसर्ग म्हणून दाबला जाणारा इंग्रजी कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, इंग्रजी दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ हेही चालत नाही. वर्ड इंग्रजीत चूक दाखवतो, काकांना वाटतं सेव्ह झालं, ते चौकट बंद करतात, आणि फाइल कुठंच नसते. तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ किंवा टिंब द्या: '१४-७-२०२५'. एवढ्याशा गोष्टीनं कितीतरी जणांची अडचण संपलेली पाहिली आहे.

आणि एक वही. डाव्या रकान्यात तारीख, मग फाइलचं नाव, मग कुठं ठेवली. निवृत्त कारकुनांना हे समजावावंच लागत नाही. जावक नोंदवही आयुष्यभर ठेवलेली असते, ते आमच्यापेक्षा नीट ठेवतात. वर्गातल्या बाकीच्यांना रकाने आखून देण्याचं काम आम्ही त्यांच्याकडंच सोपवलं आहे.

हरवलेली फाइल शोधायची असेल तर आधी वर्डमध्ये फाइल, ओपन, रीसेंट बघा. अलीकडं उघडलेल्या फाइली तिथं क्रमानं असतात. तिथं नसेल तर फाइल एक्सप्लोरर उघडा, डावीकडं 'दिस पीसी' निवडा आणि शोधायच्या चौकटीत इंग्रजी कळफलकावरून तारा, टिंब आणि डी-ओ-सी-एक्स असं लिहा. कॉम्प्युटरवरच्या त्या प्रकारच्या सगळ्या वर्ड फाइली येतील. मग 'डेट मॉडिफाइड' या रकान्यावर क्लिक करून अलीकडच्या वर आणा. नाव आठवत नसलं तरी काल दुपारी लिहिलं हे आठवतंच.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल आणि पुण्याच्या मुलाचा लॅपटॉप

पुतण्यानं अर्जाचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काकांनी कॉम्प्युटरवर उतरवून उघडला, वर पिवळी पट्टी आली, तिच्यावरचं 'एनेबल एडिटिंग' दाबून लिहिलं, सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन तीच फाइल उघडली, तर कोरा नमुना! अहो, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे ती पुतण्यानं पाठवलेली प्रत. तुम्ही लिहिलेली प्रत डाउनलोड्स या फोल्डरात आहे. शिवाय पुन्हा पुन्हा उतरवली की तिथं 'अर्ज', 'अर्ज (१)', 'अर्ज (२)' अशी पिलावळ होते आणि लिहिलेली नेमकी कोणती ते कळत नाही. डाउनलोड्समध्ये जा, तारखेप्रमाणं लावा, आकारानं मोठी आणि अलीकडं बदललेली उघडून बघा. पुढच्या वेळी मात्र बाहेरून आलेली कोणतीही फाइल उघडली की लिहिण्याआधी एफ १२, स्वतःचा फोल्डर, स्वतःचं नाव.

दुसरी गोष्ट जरा घरगुती आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला असलेला मुलगा दिवाळीत येतो, वडिलांना लॅपटॉप देतो, स्वतःच्याच खात्यानं सगळं चालू करून जातो. त्या खात्याचं वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) चालू असेल तर वडिलांची डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपवरची पानं मुलाच्या वनड्राइव्हमध्ये जाऊन बसतात. मुलाला तिथं अनोळखी फाइली दिसतात, तो साफसफाई करतो, आणि इकडं अंबाजोगाईत वडिलांचं लेखन नाहीसं होतं. असं झालं असेल तर मुलाला फोन करून वनड्राइव्हचा रीसायकल बिन, म्हणजे पुसलेल्या फाइलींची टोपली, बघायला सांगा. वैयक्तिक खात्यात तिथं ३० दिवस फाइली राहतात, म्हणून फोन आजच करा. आणि वडिलांच्या नावानं वेगळं खातं काढून द्या. त्यांचं लिहिणं त्यांचं आहे.

वनड्राइव्ह नको असेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये सेव्ह विभागात 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' यावर टिक करा. त्याच ठिकाणी नेहमी कोणत्या फोल्डरात ठेवायचं तेही ठरवता येतं. डेस्कटॉपवर त्या व्यक्तीच्या नावाचा एकच फोल्डर करा आणि तोच ठरवून टाका. फोल्डरात फोल्डर करू नका, ज्येष्ठांच्या बाबतीत तरी नकोच.

लाईट गेली तर

उन्हाळ्यात आणि वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर दिवे गेले की लिहिलेलंही गेलं असं वाटतं. लाईट आल्यावर वर्ड उघडा, सहसा डाव्या बाजूला 'डॉक्युमेंट रिकव्हरी' नावाचा रकाना येतो. कुठली तरी तक्रार आहे असं समजून लोक तो बंद करतात. करू नका. त्यातलं प्रत्येक नाव उघडून बघा, हवं ते एफ १२ नं ठेवा, मगच रकाना बंद करा. वर्डऐवजी लिबरऑफिस असेल तर सुरू करतानाच तो परत मिळवण्याबद्दल विचारतो, तिथं 'डिस्कार्ड' दाबू नका.

ऑप्शन्समधल्या सेव्ह विभागात १० मिनिटांचे २ करा. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथं तशीच सोय आहे. आणि प्रत्येक परिच्छेद संपला की कंट्रोल + एस. आमच्याकडं एक गुरुजी पूर्णविराम दिला की "ठेवलं" असं मोठ्यानं म्हणून कंट्रोल + एस दाबतात. आता आख्खा वर्ग म्हणतो.

शिकवणाऱ्यांसाठी

वर्डचा वर्ग म्हटलं की पहिल्या दिवशी ठळक, तिरपं, अधोरेखित, रंग असं शिकवायची पद्धत पडली आहे. दिसायला छान, शिकायला सोपं. पण ज्येष्ठांच्या वर्गात मी त्याच्या विरुद्ध आहे. पहिल्या तासाला एकच ओळ: स्वतःचं नाव आणि गाव. फाइलला नाव द्यायचं, ओळ लिहायची, ठेवायची, बंद करायची, वर्डही बंद करायचं. मग शोधून उघडायची. पुन्हा बंद. पुन्हा उघडायची. आपलं नाव आपल्या हातानं परत पडद्यावर आणता आलं की चेहऱ्यावर जी खात्री दिसते, ती रंगीत अक्षरांनी येत नाही. दुसऱ्या तासाला मुद्दाम पुसायचं आणि कंट्रोल + झेडनं आणायचं. मुद्दाम कंट्रोल + एन दाबून कोरं पान आणायचं आणि मागची फाइल शोधायची. भीती एकदा वर्गात, शेजारी कुणी असताना, जाऊन आली की घरी ती तेवढा त्रास देत नाही.

आणि कृपा करून माउस त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. मुलं, नातवंडं, आपण शिकवणारेही, "थांबा, मी करतो" म्हणून पटापट चार क्लिक करतो. फाइल सापडते, पण पुढच्या वेळी पुन्हा आपल्यालाच बोलवावं लागतं. हात मागं बांधून तोंडानं सांगा. वेळ लागतो, लागू द्या.

खरंच गेलं असेल तर

रीसेंट, अनसेव्ह्ड, डाउनलोड्स, रीसायकल बिन, वनड्राइव्ह, कॉम्प्युटरभर शोध, सगळं करूनही कधी कधी मजकूर मिळत नाही. तेव्हा "पुन्हा लिहा" एवढंच सांगून घरी पाठवू नका. त्याच बैठकीत मोबाइल किंवा क्रोम ब्राउझर घ्या, गुगल डॉक्स उघडा आणि बोलून लिहायची सोय चालू करा. कॉम्प्युटरवर ती टूल्समध्ये 'व्हॉइस टायपिंग' नावानं आहे, भाषा मराठी निवडायची. मोबाइलवर कीबोर्डवरच माइकचं चिन्ह असतं. त्यांना आठवेल तसं बोलू द्या. कालच लिहिलेलं असतं, बरंच तोंडावर असतं. विरामचिन्हं धड येणार नाहीत, आपल्याकडच्या बोलीतले 'करायलाव', 'जाऊ लालो' असले शब्द तो भलतेच लिहील, गावांची नावं चुकतील. ते बोलत असताना दुरुस्त करायला थांबू नका, ओघ तुटतो. शेजारी कुणीतरी कागदावर चुकलेले शब्द टिपत बसावं आणि बोलून झाल्यावर दोघांनी मिळून नीट करावेत. गुगल डॉक्स इंटरनेट असताना आपोआप ठेवत जातं. फक्त वर डावीकडं नाव द्यायला विसरू नका आणि फोनमध्ये दोन खाती असतील तर कोणत्या खात्यात लिहिलं ते वहीत टिपून ठेवा. शेवटी एक प्रत छापून त्यांच्या हातात द्या.